आमच्या उपनगरातलं ‘स्कॉच मिशनचं देऊळ’ : आठवणी आणि जुने कागद हवे आहेत

जुनी_वही

सर्वांना सलाम.

मध्य रेल्वेवरच्या एका उपनगरात आमचं देऊळ आहे. स्टेशनच्या पूर्वेला, बाजार ओलांडला की डाव्या हाताला, दोन टॉवरांच्या मध्ये. फाटकावरच्या पाटीवर ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ लिहिलंय. दारावरच्या दगडात ‘यु. सी. एन. आय.’ ही अक्षरं कोरलेली आहेत, रंगाचे हात बसून बसून बुजत आलेली. आणि माझी आजी शेवटपर्यंत म्हणायची, ‘स्कॉच मिशनचं देऊळ’. भाजीवाल्याला पत्ता सांगतानासुद्धा हेच, आणि त्याला ते कळायचं.

या वर्षी वर्धापनदिनाला मंडळी स्मरणिका काढते आहे आणि इतिहासाचं प्रकरण माझ्याकडे आलंय. आधीच्या स्मरणिका चाळल्या. मिशनरी साहेबांची नावं, पाळकांची यादी, छप्पर कधी बदललं, पंखे कोणी दिले. दर रविवारी बाकांवर बसणाऱ्या माणसांबद्दल मात्र एक ओळ नाही. ती कुठून आली, याच उपनगरात का राहिली, देऊळ नव्हतं तेव्हा कुठे जमायची, हे मला लिहायचंय. ज्यांना ते ठाऊक आहे ती माणसं आता ऐंशीच्या पुढे गेलीत, म्हणून घाई आहे. कमिटीची परवानगी मिळेपर्यंत देवळाचं नाव इथे लिहीत नाही, समजून घ्या.

मला जे माहीत आहे ते आधी मांडते.

स्कॉच मिशनची मंडळी म्हणजे प्रेस्बिटेरियन पंथाची. ‘प्रेस्बिटेरियन’ हा शब्द ग्रीक ‘प्रेस्बुटेरॉस’वरून आला. अर्थ, वडील. मराठी पवित्र शास्त्रातही ‘वडील’ हाच शब्द आहे. या पद्धतीत बिशप नसतो आणि पाळकाच्या एकट्याच्या हाती कारभार नसतो. मंडळीनं, म्हणजे देवळाच्या सभासदांनी, निवडलेले वडील आणि पाळक मिळून सेशन, म्हणजे कारभाराची समिती, चालवतात. अनेक मंडळ्यांची मिळून प्रेस्बिटरी, तिच्यावर सिनड, सर्वांत वर जनरल असेंब्ली. सोळाव्या शतकात जॉन नॉक्स आणि त्याच्या सोबत्यांनी स्कॉटलंडात ही घडी बसवायला घेतली. आमच्या घरी ‘आजोबा वडील होते’ म्हटलं की त्याचा अर्थ ते सेशनवर होते.

मुंबईत स्कॉटिश लोकांचं देवालय फोर्टात लायन गेटजवळ उभं राहिलं, सेंट अँड्र्यूज कर्क, १८१९. ते ईस्ट इंडिया कंपनीच्या स्कॉटिश नोकरांसाठी होतं. मराठी माणसाशी नातं जुळलं ते कोकणातून. स्कॉटिश मिशनरी सोसायटीचे लोक १८२३ मध्ये बाणकोटला आले, मग हर्णैला. १८२९ मध्ये जॉन विल्सन आणि मार्गारेट विल्सन हे जोडपं आलं, काही महिने हर्णैला राहून मराठी शिकलं आणि मुंबईत स्थिरावलं. १८३१ मध्ये मोजक्या सभासदांची मंडळी स्थापन झाली. १८३२ मध्ये इंग्रजी शाळा निघाली, तीच वाढत वाढत विल्सन कॉलेज झाली. गिरगावातल्या आंबरोलीचं नाव आमच्या घरात अजून काढलं जातं, कारण आजीचं लग्न तिथल्या देवळात लागलं.

१८४३ मध्ये स्कॉटलंडात चर्च फुटलं. पाळक कोणी नेमायचा, जमीनदारानं की मंडळीनं, हा मूळ वाद. साडेचारशेहून जास्त पाळक बाहेर पडले आणि त्यांनी फ्री चर्च काढलं. भारतातले मिशनरी फ्री चर्चबरोबर गेले, विल्सनही. मुंबईतल्या शाळेला हातची इमारत सोडून भाड्याच्या जागेत जावं लागलं.

यानंतरचं सगळं मला धूसर आहे. गिरगावातून उपनगरात मंडळी कशी आली? रेल्वे १८५३ ची. १८९६ च्या प्लेगनंतर दाटीतून माणसं उत्तरेकडे सरकली, दादर-माटुंगा वसवायला घेतलं. १९१५ च्या सुमारास रेल्वेचा कारखाना परळहून माटुंग्याला येऊ लागला. १९२५ मध्ये व्हीटी-कुर्ला विजेची गाडी सुरू झाली. या तारखांच्या मधोमध कुठेतरी आमची माणसं आहेत.

आमच्या सभासदांच्या नोंदवहीची पहिली चौदा पानं वाळवीनं खाल्ली. पुढच्या पानांवर रकाने आहेत : नाव, वय, गाव, बाप्तिस्मा, शेरा. गावं वाचताना अंगावर काटा येतो. जालना, बेथेल, नगर, पुणे, कोल्हापूर, कोडोली, मिरज, सांगली. आणि शेऱ्यात पानामागून पान एकच गोष्ट, ‘प. मि.’. कुठे कुठे ‘प. दि.’. पाळकसाहेबांनाही याचा अर्थ सांगता आला नाही. कोणाला ठाऊक आहे का?

गिरगावकर_७०

ताई, मी ख्रिस्ती नाही, पण गावदेवीच्या सेंट कोलंबा शाळेचे आमच्या घरावर ऋण आहे. माझी आई तिथे शिकली, मावश्या शिकल्या. त्या शाळेचं मूळ मार्गारेट विल्सनबाईंच्या मुलींच्या शाळांत आहे. १८२९-३० च्या मुंबईत मुलींना शिकवायचं म्हणजे घरोघर जाऊन विनवण्या करायच्या. बाईंनी मराठी शिकून ते केलं आणि १८३५ मध्ये इथेच त्यांचा अंत झाला. दोन वर्षांनी त्यांच्या दोन बहिणी स्कॉटलंडातून आल्या आणि काम पुढे चालू राहिलं. तुमच्या प्रकरणात विल्सनसाहेबांच्या आधी या बाईंचं नाव यावं असं मला मनापासून वाटतं.

चौपाटीसमोरची कॉलेजची इमारत १८८९ ची, वास्तुकार जॉन अ‍ॅडम्स. मी तिथे चार वर्षं होतो. सकाळची प्रार्थना ऐच्छिक असायची, तरी आम्ही काही हिंदू मुलं नेमानं जाऊन बसायचो. आवाज छान घुमायचा.

आणि एक विचारू का? ‘देऊळ’ हा शब्द तुमच्यात खरंच वापरतात? मला पहिल्यांदाच कळतंय.

जुनी_वही

काका, हो. देऊळ, उपासना, दानार्पण, प्रभुभोजन, हे आमचे घरचे शब्द. ‘चर्च’ आमच्या पिढीत आलं. आजी फक्त दोन शब्द इंग्रजी बोलायची, ‘सेशन’ आणि ‘हार्वेस्ट’.

मार्गारेटबाईंबद्दल पटलं. सुरुवात त्यांच्यापासून करते.

मिरजेची_लेक

‘प. मि.’ म्हणजे ‘पत्र मिळालं’. मी खात्रीनं सांगते, कारण ते पत्र मी पाहिलंय.

माझी आई कोडोलीजवळच्या खेड्यातली. मिरजेच्या मिशन हॉस्पिटलात नर्सिंग शिकली आणि १९५८ मध्ये मुंबईत नोकरीला आली. तिच्या ट्रंकेत दोन पातळं, एक बायबल आणि त्या बायबलात घडी घातलेलं गावच्या पाळकांचं पत्र होतं. ‘ही आमच्या मंडळीची पूर्ण सभासद असून तिची वागणूक चांगली आहे, तिला आपल्या मंडळीत सामील करून घ्यावे.’ मंडळी बदलताना हा दाखला न्यावाच लागायचा. त्याशिवाय प्रभुभोजनाला बसता येत नसे. पहिल्याच रविवारी आई पत्ता शोधत देवळात गेली, उपासना संपल्यावर एका वडिलांच्या हातात पत्र ठेवलं. त्यांनी वाचलं आणि पहिला प्रश्न विचारला, ‘बाई, जेवलीस का?’ ही गोष्ट तिनं आम्हाला किती वेळा सांगितली असेल. शहरात तिला ओळखणारं कोणी नव्हतं, पण त्या कागदामुळे त्या दुपारी तिला एका घरी ताट मिळालं, आणि पुढे त्याच घरात लग्न जमलं.

‘प. दि.’ म्हणजे अर्थातच ‘पत्र दिलं’, मंडळी सोडून दुसरीकडे गेलेले.

कोल्हापूर, कोडोली, मिरज, सांगलीची माणसं तुमच्या ‘स्कॉच मिशन’ची नाहीत, हेही लिहा. तिकडचं मिशन अमेरिकन. रॉयल वाइल्डर १८५२ मध्ये कोल्हापुरात आले आणि १८७० मध्ये ते काम अमेरिकेतल्या प्रेस्बिटेरियन बोर्डाकडे गेलं. डॉ. विल्यम वानलेस यांनी मिरजेचं हॉस्पिटल १८९४ मध्ये सुरू केलं. म्हणजे एक प्रेस्बिटेरियन धागा हर्णै-गिरगावचा आणि दुसरा कोल्हापूर-मिरजेचा. दोन्ही येऊन तुमच्या उपनगरातल्या बाकावर बसले.

जुनी_वही

ताई, काल रात्री तुमचं वाचलं आणि वही पुन्हा उघडली. एकेका ‘प. मि.’ला आता चेहरा आलाय. एका पानावर मिरजेहून आलेल्या सहा जणी आहेत, सगळ्या विशीतल्या, सगळ्या ‘प. मि.’. सहाही नर्स असतील का? तुमच्या आईंचं ते पत्र अजून आहे का?

गावाकडचा_वाचक

धागा आवडला, पण एक गोष्ट राहू नये. विल्सन शाळा काढणारे होते तसेच हिंदू आणि पारशी धर्मांवर कठोर टीका करणारेही होते. १८३१ मध्ये मोरभट दांडेकरांशी त्यांचा वाद झाला, त्यावर दोन्हीकडून पुस्तकं निघाली. १८३९ मध्ये दोन पारशी मुलांचा बाप्तिस्मा झाला तेव्हा प्रकरण कोर्टात गेलं आणि शाळेतली पोरं भराभर काढून घेतली गेली. १८४३ मधलं श्रीपत शेषाद्रीचं प्रकरण तर मराठी वाचकांना बाळशास्त्री जांभेकरांमुळे माहीत आहे. लहान मुलगा, थोरला भाऊ नारायण ख्रिस्ती झाला, हाही मिशनच्या घरी राहायला गेला. कोर्टानं मुलाला बापाच्या ताब्यात दिलं, तर इकडे सनातन्यांनी जातीत घ्यायला नकार दिला. बाळशास्त्रींनी त्याच्या शुद्धीची बाजू घेतली म्हणून त्यांनाही त्रास झाला. एखाद्या घरातून मुलगा जातो तेव्हा त्या आईबापांचं काय होतं, हेही इतिहासात यायला हवं. तुमच्या श्रद्धेबद्दल आदर ठेवूनच लिहितोय.

जुनी_वही

दादा, हे लिहिल्याबद्दल आभार. स्मरणिकेत हे येईल. श्रीपतच्या आईवडिलांबद्दल आमच्याकडे कधीच कोणी बोललेलं मी ऐकलं नाही, आणि ते बरोबर नाही.

पण याच प्रकरणातल्या थोरल्या भावाशी माझं रक्ताचं नसलं तरी अन्नाचं नातं आहे, ते सांगते. नारायण शेषाद्री पुढे फ्री चर्चचे पाळक झाले आणि १८६० च्या दशकात जालन्याला गेले. तिथे जे लोक त्यांच्याकडे आले ते बहुतेक मांग आणि महार. निजामाचे दिवाण सालारजंग यांच्याकडून जमीन मिळाली आणि जालन्याजवळ बेथेल हे गाव वसलं. स्वतः देशस्थ ब्राह्मण घरातला माणूस, ज्यांच्या सावलीचा विटाळ मानला जायचा त्यांच्या गावात राहिला. माझे खापरपणजोबा मांग होते, बेथेलचे. त्यांना कोणी फसवून नेलं असं आमच्या घरात कोणाला वाटत नाही. पाणी आणि अक्षर, दोन्ही तिथे मिळालं, असं आजी म्हणायची.

आणि जात देवळाच्या दारात गळून पडली, असंही मी लिहिणार नाही. वहीत जातीचा रकाना नाही. पण कोण कोणाच्या घरी लग्नाची बोलणी घेऊन जायचं आणि कोण नाही, हे सगळ्यांना ठाऊक असायचं. सेशनवर वर्षानुवर्षं कुठल्या घरचे वडील निवडून आले हेही यादीत दिसतं. शिवाय १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जातींच्या यादीतून ख्रिस्ती बाहेर राहिले. शिखांना १९५६ मध्ये घेतलं, बौद्धांना १९९० मध्ये, आम्हाला नाही. माझ्या वडिलांच्या पिढीत काही घरांनी मुलांच्या शाळेच्या दाखल्यावर ‘हिंदू मांग’ लिहिलं आणि रविवारी देवळात येत राहिले. नोकरी हवी होती. त्यांची नावं मी छापणार नाही, पण हे घडलं एवढं छापणार आहे. कमिटीत यावर वाद होईल, त्याची तयारी आहे.

रेल्वे_क्वार्टर

वय ८३. मुलीच्या मदतीनं टाइप करतोय.

देऊळ नव्हतं तेव्हा कुठे जमायचे, हा तुमचा प्रश्न. आमच्या खोलीत. वडील माटुंगा कारखान्यात फिटर होते. क्वार्टरची पुढची खोली दहा बाय बारा. शनिवारी रात्री खाट उभी करून भिंतीला लावायची. लोखंडी ट्रंक उभी ठेवून तिच्यावर आईची पांढरी चादर, ते व्यासपीठ. बायका आत स्वयंपाकघरात, पुरुष पुढे, पोरं उंबऱ्यावर आणि बाहेर व्हरांड्यात. मागून रूळ जायचे. जलद गाडी आली की पाळक बोलायचं थांबत, गाडी गेली की त्याच शब्दापासून पुढे. कोणाला त्याचं काही वाटायचं नाही. पुढे देऊळ बांधून झालं तेव्हा पहिल्या रविवारी शांतता इतकी होती की आईला चुकल्यासारखं झालं.

प्रभुभोजनाचा द्राक्षरस आई काळ्या मनुका उकळून करायची. रात्रभर भिजत घालायच्या, सकाळी उकळून फडक्यातून गाळायच्या. तो वास आला की आम्हा पोरांना कळायचं, आज प्रभुभोजन. पोळीचे बारीक तुकडे. पेले नव्हते, एकच स्टीलचा प्याला फिरायचा. नंतर कोणीतरी छोटे काचेचे पेले आणले.

देवळासाठी पैसा कसा उभा राहिला? मिशननं काही दिला असेल, मला ते माहीत नाही. मी पाहिलं ते असं. महिला मंडळातल्या बायका रोज तांदूळ शिजत घालताना एक मूठ वेगळ्या डब्यात टाकायच्या. महिन्याच्या शेवटी सगळ्यांचे डबे एकत्र, ते तांदूळ विकायचे आणि पैसे देवळाच्या खात्यात. आमच्या घरी पाच पोरं. एखाद्या महिन्यात आई त्या डब्याकडे बघत उभी राहिलेली मला आठवते. पण त्यातून तिनं कधी परत काढलं नाही.

हंगामाच्या सणाला लिलाव व्हायचा. भोपळा, कोंबडी, अंडी, कोणी विणलेलं टेबलक्लॉथ. एक साधा दुधी एकदा बावीस रुपयांना गेला, कारण दोन वडील इरेला पेटले होते. बावीस रुपये म्हणजे तेव्हा आमच्या घरचा आठवड्याचा बाजार.

जुनी_वही

काका, मला पुढे लिहवत नाहीये. तुम्ही कुठे राहता? येऊन रेकॉर्ड करू का? सोयीचा दिवस कळवा.

वाशीकर

काकांची मूठ वाचून राहवलं नाही. आमच्या सोसायटीत एक मिझो कुटुंब राहतं. वाशीला मिझोराम भवन आहे आणि परळच्या टाटा हॉस्पिटलात उपचारांसाठी तिकडून खूप लोक येतात, त्यांच्या मदतीला हे दोघं नवरा-बायको धावत असतात. ते प्रेस्बिटेरियन. त्यांच्याकडे हीच पद्धत आहे, स्वयंपाकाआधी मूठभर तांदूळ बाजूला. ‘बुहफाई थाम’ म्हणतात. १९१० च्या सुमारास सुरू झालेली आणि आजही चालू. मी काकांची पोस्ट त्यांना हिंदीत सांगितली तेव्हा वहिनी उठून आत गेल्या आणि त्यांचा डबा घेऊन आल्या.

त्यांचं मिशन वेल्सचं. थॉमस जोन्स १८४१ मध्ये खासी टेकड्यांत सोहऱ्याला (चेरापुंजीला) पोचले. मिझोरामात १८९४ मध्ये आधी दोन मिशनरी आले, त्यांनी रोमन लिपीत मिझो लिहायला सुरुवात केली, मग वेल्सचे लोक. आज भारतात ‘प्रेस्बिटेरियन’ ही पाटी दिसते ती बहुतेक यांचीच. मुंबईत रविवारी दुपारी भाड्याच्या हॉलमध्ये जमतात आणि चार आवाजांत असं गातात की मी जिन्यात थांबून ऐकतो.

सूरपेटी

गाण्याबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून.

जुने स्कॉटिश प्रेस्बिटेरियन वाद्याशिवाय फक्त स्तोत्रं म्हणायचे, १६५० च्या छंदोबद्ध स्तोत्रसंहितेतून. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत तिकडे ऑर्गनवरून कडाक्याचे वाद झाले. आणि इकडे मराठी मंडळ्यांत काय झालं? अभंग, ओव्या, भजनं, झांजा, तबला. रेव्हरंड नारायण वामन टिळक मूळचे कोकणातले, बाप्तिस्मा १८९५ मध्ये मुंबईत, अमेरिकन मराठी मिशनमध्ये. म्हणजे प्रेस्बिटेरियन नव्हेतच. पण त्यांची पदं सगळ्या मंडळ्यांनी आपली केली. ‘उपासना संगीत’ उघडलं की एका पानावर स्कॉटिश चाल, पलीकडच्या पानावर अभंग. मी गेली तीस वर्षं रविवारी पेटी वाजवतो. परकी चाल आणि घरचा ताल शेजारी शेजारी ठेवून म्हणणं, हेच मला आपल्या मंडळीचं खरं वैशिष्ट्य वाटतं. जुनी_वही, तुमच्या देवळात पायपेटी होती का? असेल तर ती विकू देऊ नका.

जुनी_वही

पायपेटी आहे, भाता फाटलाय. दुरुस्तीचं मनावर घेते.

आता दगडावरच्या अक्षरांबद्दल, कारण तिघांनी निरोपातून विचारलंय. १९०४ मध्ये भारतातल्या बऱ्याचशा प्रेस्बिटेरियन मिशनांच्या मंडळ्या एकत्र येऊन ‘प्रेस्बिटेरियन चर्च इन इंडिया’ झालं. १९२४ मध्ये त्यात काँग्रिगेशनल मंडळ्या मिळाल्या, म्हणजे आपल्याकडे मुख्यतः अमेरिकन मराठी मिशनच्या, आणि ‘युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया’ झालं. तेच यु. सी. एन. आय. मग २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात अँग्लिकन, बॅप्टिस्ट, ब्रेदरन, मेथडिस्टांची एक शाखा, डिसायपल्स आणि आम्ही असे सहा प्रवाह मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं. मुंबई-महाराष्ट्रातली मराठी प्रेस्बिटेरियन मंडळी नावानं तिथे संपली.

आजोबा तेव्हा सेशनवर होते. त्यांना एकीचं वावडं नव्हतं, प्रार्थनेत ते एकीच मागायचे. सल होता तो बिशपचा. ‘वडिलांनी वडिलांना निवडायचं, वरून माणूस यायचा नाही’ हे ज्यांनी लहानपणापासून ऐकलं त्यांना बिशपच्या सहीनं पाळक बदलून जाणं जड गेलं. ते रुसून बसले नाहीत. नवी पाटी लावली त्या दिवशी शिडी त्यांनीच धरली. दगडावरची अक्षरं घासून काढायचा ठराव आला, त्याला मात्र त्यांनी हात वर केला नाही. बाकीच्या वडिलांनीही केला नाही. म्हणून ती अक्षरं अजून आहेत. नव्या व्यवस्थेत पाळकाला ‘प्रेस्बिटर’ म्हणतात, तेवढा जुना शब्द तगला.

आजीला छोटी प्रश्नोत्तरावली, म्हणजे आमच्या पंथाची प्रश्नोत्तरांतली शिकवण, पाठ होती, एकशे सात प्रश्न. ‘माणसाचा मुख्य हेतू काय?’ ती भाकऱ्या थापताना विचारायची आणि आम्ही उत्तर द्यायचो : देवाचं गौरव करणं आणि सर्वकाळ त्याच्याठायी आनंद करणं. ‘आनंद’ हा शब्द आला की ती तव्यावरची भाकरी उलटायची. माझ्या मुलीला पहिले चारच प्रश्न येतात. चूक माझीच, मी शिकवले नाहीत.

कागदपत्री

मी जुन्या कागदांच्या जतनाचं काम करते, म्हणून थोडं व्यवहाराचं. ती वही कृपा करून लॅमिनेट करू नका आणि फाटलेल्या पानांना चिकटपट्टी लावू नका. तिचा डिंक काही वर्षांत पिवळा पडतो आणि शाई खातो. आधी वाळवी थांबवा. लोखंडी कपाट, भिंतीपासून लांब. पावसाळा संपल्यावर, खिडकीच्या उजेडात, पण थेट ऊन नको, प्रत्येक पानाचा फोटो घ्या. कोरी पानंसुद्धा. पेन्सिलीनं कोपऱ्यात पानांचे आकडे टाका.

खाल्लेल्या चौदा पानांची भरपाई काही अंशी होऊ शकते. १८७२ च्या ख्रिस्ती विवाह कायद्याप्रमाणे लग्नांची स्वतंत्र नोंद ठेवावीच लागते आणि तिची प्रत सरकारी निबंधकाकडे जाते. तुमच्या देवळाचं लग्नाचं रजिस्टर सापडलं तर जुन्या सभासदांची नावं, वयं, बापाची नावं आणि साक्षीदार मिळतील. मुंबई इलाख्यातल्या चर्चनोंदींच्या जुन्या प्रती लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत ‘एन/३’ या मालिकेत आहेत. स्कॉटिश मिशनचा पत्रव्यवहार एडिंबरोच्या नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडमध्ये, आणि कोल्हापूर-मिरजेकडचा फिलाडेल्फियाच्या प्रेस्बिटेरियन हिस्टॉरिकल सोसायटीत. पत्र पाठवताना गावाचं नाव त्या काळच्या इंग्रजी स्पेलिंगनं द्या, नाहीतर सापडणार नाही. आणि ‘ज्ञानोदय’चे जुने अंक विसरू नका. १८४२ पासूनचं पत्र आहे, त्यात मंडळ्यांच्या बारीकसारीक बातम्या असतात.

मिरजेची_लेक

आईचं पत्र नाही. ते देवळानं ठेवून घेतलं असणार, म्हणूनच तर ‘मिळालं’. पण तिचं बायबल आहे, आणि ज्या पानांत ते पत्र होतं तिथे चौकोनी पिवळा डाग पडलाय. रूथच्या पुस्तकात. फोटो निरोपातून पाठवते.

जुनी_वही

फोटो मिळाला, ताई. स्मरणिकेत तुमच्या परवानगीनं घेईन.

या पंधरवड्यात झालं ते सांगते. रेल्वे_क्वार्टर काकांकडे दोन दुपारी बसले, तीन तासांचं रेकॉर्डिंग झालं. लग्नाचं रजिस्टर वेस्ट्रीतल्या, म्हणजे देवळातल्या पाळकांच्या खोलीतल्या, पेटीत सापडलं, वरच्या कोपऱ्याला कसर लागलीय पण वाचता येतंय. कमिटीत जातीच्या परिच्छेदावर दीड तास चर्चा झाली. दोन जण नको म्हणाले, एका आजींनी उठून ‘खरं आहे ते लिहा’ म्हटलं आणि परिच्छेद राहिला.

वहीतले ‘प. मि.’ सगळे उतरवून झाल्यावर ‘प. दि.’ घेतले. सुरुवातीची पत्रं पुणे, नगर, नागपूर इकडे गेलेली. १९७५ नंतर गावांची नावंच बदलतात. डोंबिवली, कल्याण, वाशी, विरार, बदलापूर. घरं महाग झाली तशी माणसं पुढच्या स्टेशनावर. शेवटच्या भरलेल्या पानावरची शेवटची नोंद टिटवाळ्याची, एक जोडपं आणि दोन मुलं, ‘प. दि.’.

नंबर शोधून काल त्यांना फोन केला. काकूंनी उचलला. पत्र कुठे दिलं, असं विचारलं, तर म्हणाल्या, ‘अगं, कपाटातच आहे. द्यायला इथे आपली मंडळी कुठे होती?’ पाच कुटुंबं रविवारी सकाळी त्यांच्या हॉलमध्ये जमतात. सोफा उभा करून भिंतीला लावतात.

येत्या रविवारी मी तिकडे जातेय, पहाटेच्या गाडीनं. काळ्या मनुका त्यांनी मला आणायला सांगितल्यात.